मॉरिशसचं विज्ञान धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या देशांनी विज्ञान-तंत्रज्ञानावर पैसा कसा खर्च करावा, या विषयावर मी बोलतो आणि शिकवतो. उदाहरण बहुतेक वेळा मॉरिशसचं देतो. मग विद्यार्थ्यांकडून, स्पर्धा परीक्षावाल्यांकडून आणि हनिमूनचं बुकिंग करून आलेल्या भाच्यांकडून ठरावीक प्रश्न येतात. दर वेळी नव्याने उत्तरं देण्यापेक्षा ती एकदाची इथे लिहून ठेवतो.

मॉरिशसच का? सिंगापूर किंवा इस्रायल का नाही?

त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि दोन्ही देश नियमापेक्षा अपवाद म्हणूनच जास्त ओळखले जातात. इस्रायल संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त खर्च करतो. त्यामागे लष्कर आहे, जगभरातून आलेले शास्त्रज्ञ आहेत आणि अमेरिकेचं भांडवल आहे. यातलं काहीच नसलेल्या देशाने काय करायचं? मॉरिशसकडे ऊस होता, बंदर होतं आणि शिकायची हौस असलेली माणसं होती. एवढ्यावर कुठवर जाता येतं आणि गाडी कुठे अडते, हे दोन्ही तिथे दिसतं. शिवाय मी उसाच्या पट्ट्यातला, त्यामुळे तिथल्या अर्ध्या गोष्टी मला न सांगता कळतात.

देश नेमका केवढा आहे?

क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्यापेक्षा दोन्हींत कमी. १२ मार्च १९६८ला स्वातंत्र्य मिळालं. त्याआधी, १९६१ साली, जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या समितीने बेटाच्या भवितव्याबद्दल फारच निराशेचा सूर लावला होता: एक पीक, वाढती लोकसंख्या आणि रोजगार नाही. मीड यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण मॉरिशसबाबतचा त्यांचा अंदाज चुकला. २०२०च्या जुलैत जागतिक बँकेने या देशाला उच्च उत्पन्न गटात टाकलं. कोविडने पर्यटन झोपलं आणि वर्षभरात तो पुन्हा खालच्या गटात आला. छोटी अर्थव्यवस्था अशीच असते, एक विमानतळ बंद पडला की देशाचा गट बदलतो.

संशोधनावर किती खर्च होतो?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ ते ०.४ टक्क्यांच्या आसपास. आफ्रिकी संघाने सदस्य देशांपुढे एक टक्क्याचं लक्ष्य ठेवलं आहे. भारतही ०.६च्या पलीकडे फारसा जात नाही, तेव्हा आपण नाक मुरडायला नको. पण भारताचा ०.६ टक्का म्हणजे इस्रो, सीएसआयआर, अणुऊर्जा खातं. मॉरिशसच्या टक्केवारीत एखादी बऱ्यापैकी प्रयोगशाळा चालवायची म्हटलं तरी ओढाताण होते. प्रयोगशाळेचं यंत्र देश लहान आहे म्हणून स्वस्तात मिळत नाही. छोट्या देशाची खरी अडचण ही आहे, आणि टक्केवारीच्या तक्त्यात ती कधी दिसत नाही.

हा पैसा वाटतं कोण?

मुख्यतः ‘मॉरिशस रिसर्च अँड इनोव्हेशन कौन्सिल’. १९९२ साली ती नुसती ‘रिसर्च कौन्सिल’ होती. २०१९च्या कायद्याने नावात ‘इनोव्हेशन’ आलं आणि कामातही. तिची एक योजना उद्योगांसाठी आहे, ‘अर्धे तुमचे, अर्धे आमचे’ या धर्तीची: कंपनीने आपला वाटा आणायचा, विद्यापीठाला किंवा संशोधकाला सोबत घ्यायचं, मग सरकार तेवढीच रक्कम घालतं. कंपनीचा स्वतःचा पैसा अडकलेला असला की ती रिकाम्या प्रकल्पाच्या मागे लागत नाही, हा हिशेब त्यामागे आहे आणि तो बरोबर आहे. याखेरीज नवउद्योगांसाठी इन्क्युबेटर आहेत, कल्पना तपासून पाहण्यासाठी छोटी अनुदानं आहेत. गुंतवणूक आणण्याचं काम २०१८ साली तीन संस्था एकत्र करून बनवलेल्या आर्थिक विकास मंडळाकडे आहे.

योजनांची कमतरता नाही. माझी तक्रार वेगळी आहे, ती पुढच्या उत्तरात कळेल.

तुम्ही सारखं उसाच्या संशोधन संस्थेचं नाव घेता. तिच्यात एवढं काय आहे?

सांगतो, जरा लांबेल.

मॉरिशसमध्ये रेद्वी नावाच्या ठिकाणी १८९३ साली कृषी प्रयोगकेंद्र सुरू झालं. तिथपासून ऊस सुधारण्याचं काम चालू आहे. त्यातून आलेली एक जात म्हणजे ‘एम १३४/३२’. नाव वाचायची रीत आपल्या ऊसवाल्यांना लगेच कळेल: ‘एम’ म्हणजे मॉरिशस, १३४ हा रोपाचा क्रमांक, ३२ म्हणजे १९३२ साल. आपल्याकडे ‘को ८६०३२’मधला ‘को’ जसा कोइमतूरचा. आणि योगायोग असा की आपलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्रही १९३२चंच. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉरिशसच्या बहुतेक शेतांत हीच एक जात उभी होती.

१९५३ साली ‘मॉरिशस शुगर इंडस्ट्री रिसर्च इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली, आणि तिचा खर्च साखरेवर उपकर लावून भागवायचं ठरलं. धोरण म्हणून मला यातलीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ज्याच्या खिशातून पैसा जातो तो विचारतो की आमच्या पैशाचं काय केलं. बागायतदार विचारायचे, कारखानदार विचारायचे. शास्त्रज्ञाला आपला प्रश्न कुठून येतो हे शोधत बसावं लागत नव्हतं. प्रश्न दारात येऊन उभा राहायचा: खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) फूट का नाही, पानावर हे डाग कसले, साखरेचा उतारा का पडला.

मग १९६०च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ चक्रीवादळ आलं. त्या वर्षी साखरेचं उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्यावरही आलं नाही. मोजक्या जातींच्या भरवशावर शेती ठेवण्याची किंमत एका रात्रीत कळली. पण वादळ सोसणाऱ्या दुसऱ्या जाती संशोधकांच्या हाताशी होत्या, त्यांच्याकडे वळता आलं. त्या उद्या मागवून आणू म्हणून मिळत नसतात. उसाची एक जात शेतात यायला दहा-बारा वर्षं लागतात, म्हणजे १९६०चं उत्तर १९५०च्या आधी कामाला लागलेल्या माणसांनी दिलं.

आपल्याकडे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची कल्पना याच जातकुळीची आहे, कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे काही देऊन चालवलेली संस्था. त्या पैशाच्या हिशेबावरून आपल्याकडे अधूनमधून वाद होतो. होऊ द्यावा. वाद होतो म्हणजे कुणीतरी विचारतं आहे.

आता तक्रार. वर सांगितलेल्या ‘रिसर्च अँड इनोव्हेशन कौन्सिल’ची अनुदानं सरकारी तिजोरीतून येतात, आणि बहुतेक प्रकल्पांच्या निकालाची वाट पाहत कुणी दारात उभं नसतं. अहवाल येतो, कार्यशाळा होते, फोटो निघतो. उसाच्या संस्थेला गिऱ्हाईक होतं. नव्या धोरणाला अर्जदार आहेत, गिऱ्हाईक नाही.

(ती ऊस संस्था २०१२ साली एका मोठ्या ऊस प्राधिकरणात विलीन झाली. साखरच आटली तर साखरेवरच्या संशोधनाचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.)

साखर आटली म्हणजे?

युरोप मॉरिशसची साखर १९७५पासून ठरलेल्या कोट्याने आणि बाजारापेक्षा कितीतरी चढ्या भावाने घ्यायचा. २००६पासून तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ला तो करारच संपला. स्वातंत्र्याच्या वेळी विसाहून जास्त कारखाने होते, आज तीन उरले आहेत. त्यांनी खास साखरा काढल्या: मस्कोवाडो, डेमेरारा, गडद, ओलसर, गुळाच्या जवळ जाणाऱ्या. आपल्या आजीला ती साखर दाखवली असती तर म्हणाली असती, ही नीट झालीच नाही. युरोपात तिलाच जास्त पैसे मिळतात.

चिपाडावर वीज करण्यात मॉरिशस आपल्या पुढे होता, हे खरं का?

बरंचसं खरं. १९९१ साली तिथे चिपाडापासून, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्यापासून, विजेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०००मध्ये बेल व्ह्यू इथला ७० मेगावॅटचा प्रकल्प चालू झाला. त्याचे बॉयलर ८२ बार दाबाचे. आपल्याकडच्या चीफ इंजिनिअरला हे सांगितलं की तो मान डोलावतो. त्या काळात आपल्याकडे कित्येक कारखाने अजून २१ किलो (म्हणजे जवळजवळ तितकेच बार) दाबाच्या बॉयलरवर वाफ काढत होते, ६७ आणि ८७ किलोचे नंतर आले. दाब जितका जास्त तितकी त्याच चिपाडातून वीज जास्त. मागच्या दशकात देशाच्या विजेतला साधारण दहा ते अठरा टक्के वाटा चिपाडाचा होता.

इथे सरकारने नवं यंत्र शोधून काढलं नाही. वीज मंडळ ती वीज कोणत्या भावाने आणि किती वर्षं घेणार, याचा करार बांधून दिला. बाकीचं कारखान्यांनी केलं. चिपाडाच्या पैशातला वाटा ऊस पिकवणाऱ्यापर्यंत पोचवायची सोयही केली, आणि १९९४ला कारखान्यांचे २० टक्के भाग शेतकरी-कामगारांच्या ट्रस्टकडे दिले. उपपदार्थांच्या हिश्शावरून आपल्याकडे दर हंगामात होणारी भांडणं आठवतील. तिथेही भांडणं होतात.

एक गोष्ट मात्र भक्तमंडळी सांगत नाहीत. हंगाम संपला की त्याच भट्ट्यांत बाहेरून आणलेला कोळसा जळतो.

रेडिओ दुर्बिणीचं प्रकरण काय आहे?

बेटाच्या ईशान्येला ब्रा दो नावाच्या जागी एक दुर्बीण उभी राहिली, १९९२पासून ती काम करू लागली. मॉरिशस विद्यापीठ, बंगळूरची रामन संशोधन संस्था आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था, या तिघांचा तो उपक्रम. दुर्बीण म्हटल्यावर नळी किंवा तबकडी डोळ्यासमोर येते, तसलं काही नाही. दोन किलोमीटर लांबीच्या पूर्व-पश्चिम ओळीत १,०२४ अँटेना, प्रत्येक म्हणजे तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. दक्षिणेकडे जाणाऱ्या दुसऱ्या ओळीत रुळांवर ढकलायच्या ट्रॉल्या. एक दिवस निरीक्षण, ट्रॉली थोडी पुढे, पुन्हा निरीक्षण. वर्षानुवर्षं ट्रॉल्या ढकलून १५१.५ मेगाहर्ट्झवर दक्षिणेकडच्या आकाशाचा नकाशा तयार केला.

नारायणगावाजवळच्या खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या तीस तबकड्यांची. खोडद विषुववृत्तापासून जितकं उत्तरेला, मॉरिशस जवळजवळ तितकंच दक्षिणेला. खोडदहून दक्षिणेचं जे आकाश क्षितिजालगतच राहतं, ते तिथे बरंच वर येतं.

छोट्या देशाजवळ पैसा नसेल, पण जागा असते, अक्षांश असतो. तो भांडवल म्हणून मांडला की मोठा देश यंत्र घेऊन दारात येतो आणि स्थानिक मुलांच्या पीएचड्या होतात. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या जागतिक दुर्बिणीच्या आफ्रिकी भागीदारांत मॉरिशसचं नाव आहे, ते काही आकाशातून पडलेलं नाही.

एबेनची सायबर सिटी हा ‘इनोव्हेशन’चा नमुना मानायचा का?

मी मानत नाही, पण ती फसली असंही म्हणणार नाही. २००२ साली दक्षिण आफ्रिकेहून मॉरिशस, कोचीमार्गे मलेशियाकडे जाणारी ‘सेफ’ ही समुद्राखालची केबल सुरू झाली. त्याच सुमारास भारताच्या कर्जाच्या मदतीने उसाच्या शेतांच्या जागी एबेनचे मनोरे उभे राहिले. हजारो नोकऱ्या आल्या, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या मुलांना घरबसल्या आल्या. पण बरंचसं काम दुसऱ्यांच्या वह्या लिहून देण्याचं. कॉल सेंटर आणि बॅक ऑफिस हा रोजगार आहे, त्याला संशोधनाच्या खात्यात धरू नये.

करसवलत दिली की कंपन्या संशोधन करतात का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर कागद-पेन्सिलीने काढता येतं. मॉरिशसने २०१७पासून संशोधनाच्या खर्चावर दुप्पट वजावट दिली. म्हणजे १०० रुपये खर्च केले तर करपात्र नफ्यातून २०० वजा करा. ऐकायला जबरदस्त. पण कंपनी कराचा मूळ दरच १५ टक्के. शंभराची नेहमीची वजावट तर मिळतेच, तिच्यावरच्या जादा शंभरावर वाचतात फक्त १५ रुपये. तीस टक्के कर असलेल्या देशात हीच सवलत ३० रुपयांची असती. कर आधीच कमी ठेवून बसलेल्या देशाला करसवलतीचं हत्यार बोथट मिळतं. आणि ज्या नवउद्योगाला अजून नफाच नाही, त्याला वजावट कशातून देणार? अशा ठिकाणी रोख अनुदान किंवा सरकारची पहिली ऑर्डर जास्त कामाची.

बिनखर्चाची एक चाल मात्र त्यांनी चांगली खेळली. कायद्यात अजून बसत नसलेल्या धंद्याला अटी घालून करून पाहू द्यायचा ‘रेग्युलेटरी सँडबॉक्स’ परवाना, तोही २०१६ सालापासून. ज्या देशात संबंधित सगळे अधिकारी एकाच टेबलाभोवती मावतात, तिथे असलं काही लवकर होतं.

एवढ्याशा देशाला उपग्रह कशाला हवा?

‘मीर-सॅट १’ म्हणता ना? १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच, मिठाईच्या छोट्या खोक्याएवढा. संयुक्त राष्ट्रं आणि जपानच्या अंतराळ संस्थेच्या ‘किबोक्यूब’ योजनेत मॉरिशसची निवड झाली. उपग्रह ग्लासगोच्या एका कंपनीबरोबर बनवला आणि जून २०२१मध्ये अंतराळ स्थानकाच्या जपानी विभागातून सोडला. सोडण्याचा खर्च त्या योजनेतून निघाला.

एवढ्या खोक्यातून फार मोठं विज्ञान होत नाही, तसा दावाही कुणी करू नये. पण देशात जमिनीवरचं नियंत्रण केंद्र झालं, मूठभर अभियंत्यांचा हात बसला. मी याला दिखावा म्हणणार नाही. पुढचा उपग्रह त्याच मंडळींनी केला तर हा खर्च वसूल, ती बाहेर नोकरीला गेली तर तेवढा पैसा ग्लासगोला शिकवणी म्हणून दिला असं धरायचं.

हुशार मुलं परत येतात का?

बारावीच्या तोडीची परीक्षा तिथे केंब्रिजची असते. वरच्या नंबरांच्या मुलांना ‘लॉरिएट’ म्हणतात आणि सरकार त्यांना शिष्यवृत्ती देतं. निकालाच्या दिवशी शाळेच्या अंगणात मुलं त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यातले पुष्कळ मग इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाला जातात, आणि सगळे परतत नाहीत. करारपत्र लिहून घेतलं तरी परतून करणार काय, हा प्रश्न उरतोच. औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या अमीना गुरीब-फकीम परतल्या, त्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली आणि २०१५ साली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०१८ला एका क्रेडिट कार्डाच्या वादात त्यांना पद सोडावं लागलं. शास्त्रज्ञाला मान देणारा समाज आहे हे खरं, पण मान म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.

‘वाकाशियो’ जहाजाच्या तेलगळतीत विज्ञान कुठे होतं?

२५ जुलै २०२०ला हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळावर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे हजार टन इंधन तेल समुद्रात गेलं. माहेबूरच्या धक्क्यावर लोक जमले आणि कापडी नळ्या शिवायला बसले. नळ्यांत भरलं काय, तर उसाचं पाचट. ते पाण्यावर तरंगतं, तेल अडवतं आणि शोषतं. तरंगायला आत रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. बायका सुई-दोऱ्याने तोंड शिवत होत्या, पोरं पाचटाचे भारे आणत होती, काळ्या हातांनी माणसं ते समुद्रात ओढत होती.

हे नवनिर्माण नाही तर काय? कुठल्या योजनेत अर्ज केला नव्हता. त्याच वेळी हेही खरं की तेलाचा माग काढायला, नमुने तपासायला परदेशी तज्ज्ञांची पथकं बोलवावी लागली. सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर समुद्र ज्याच्या हक्काचा, त्याची समुद्रविज्ञान संस्था २००० सालची आणि लहानशी आहे.

गोव्याशी तुलना करता येईल का?

समुद्राच्या बाबतीत जरूर करावी. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६पासून आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. दोन्ही दिल्लीच्या पैशावर चालतात. गोवा सरकारला स्वतःच्या अंदाजपत्रकातून समुद्र मोजावा लागत नाही. मॉरिशसला लागतो, आणि तिथेही नकाशे करायला आपल्या नौदलाची सर्वेक्षण जहाजं जात आलेली आहेत. पण दोना पावलाचा कोणता प्रश्न आधी सोडवायचा हे पणजीत ठरत नाही. मॉरिशस निदान आपला प्रश्न आपण निवडतो. यातलं काय बरं, ते तुम्ही ठरवा.

पेटंटचं काय?

उशिरा जाग आली. आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करार मॉरिशसला २०२३पासून लागू झाला. स्थानिक अर्ज आजही मोजकेच असतात.

धोरणाशिवाय यशस्वी झालेलं काही आहे?

मॉरिशसचा ससाणा. १९७४ साली रानात फक्त चार पक्षी माहीत होते. कार्ल जोन्स नावाच्या वेल्श जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी अंडी उचलून उबवली, पिल्लं वाढवून सोडली, संख्या शेकड्यांत नेली. पैसा मुख्यतः परदेशी संस्थांचा. डोडो घालवलेल्या बेटावर हे झालं.

मराठी माणसाला तिथे काही वाव?

मराठी माणूस तिथे एकोणिसाव्या शतकातच पोचला, कोकणातून, मळ्यावरचा करारबद्ध मजूर म्हणून. त्याचे वंशज क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली बोलतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येतं. तुम्ही कामासाठी जायचं म्हणत असाल, तर एबेनच्या जाहिरातींपेक्षा आधी ऊस, चिपाड, समुद्र आणि रेडिओ खगोलशास्त्र यांतलं तुम्हाला काय येतं ते बघा. फ्रेंच येत असेल तर उत्तम. आणि हनिमूनला चाललेल्या भाच्यांनी दुर्बीण बघायची असल्यास आधी विद्यापीठाला ईमेल करावी. गेटवर उभं राहून सोडत नाहीत.